ब्रेक-बॅरल एअर रायफलचा नेम बिघडला तर: दोष शोधण्याचा क्रम

कालपर्यंत पाचही छर्रे एका नाण्याखाली झाकले जात होते. आज तीच रायफल, तोच डबा, तोच खांदा, आणि तरी एक छर्रा वर, एक डावीकडे, एक तर कागदाच्या कडेला. अशा वेळी पहिला विचार येतो तो नवा स्कोप घ्यायचा किंवा स्प्रिंग बदलायचा. तो थोडा बाजूला ठेवा. मी आजवर ‘बिघडल्या’ म्हणून हातात घेतलेल्या ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी मोडून भरायच्या, रायफलींपैकी बहुतेकींचा दोष ढिल्या स्क्रूत, न जुळणाऱ्या छर्र्यांत किंवा धरण्याच्या पद्धतीत निघाला. स्प्रिंगपर्यंत जायची वेळ क्वचितच आली.

म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे. फुकटात आणि पाच मिनिटांत तपासता येतं ते आधी, आणि एकदा केलं की परत फिरवता येत नाही ते सगळ्यात शेवटी. या क्रमाइतकाच महत्त्वाचा नियम म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्क्रू आवळले, छर्रे बदलले, स्कोपही हलवला आणि ग्रुप (एकाच नेमाने झाडलेल्या छर्र्यांच्या भोकांचा पुंजका) सुधारला, तर नेमकं काय दुरुस्त झालं ते कधीच कळत नाही. पुढच्या वेळी नेम बिघडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

छर्रा नळीत असतानाच रायफल हलते

हे आधी समजून घेऊ, कारण पुढचं जवळपास सगळं यातून निघतं. नळी खाली मोडली की तिला जोडलेला दांडा पिस्टनला मागे नेतो, स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टन ट्रिगरच्या खाचेत अडकतो. ट्रिगर ओढला की पिस्टन सुटून पुढे झेपावतो. एवढं वजन पुढे निघाल्यावर रायफल मागे सरकते. हवा दाबत दाबत पिस्टन सिलिंडरच्या टोकाला पोचतो, दाबलेल्या हवेच्या गादीवर अडून थांबतो आणि त्याच वेळी रायफल पुढे खेचली जाते. छर्रा जागेवरून सुटतो तो या शेवटच्या टप्प्यात. म्हणजे मागचा धक्का बसून गेला आहे, पुढचा सुरू झाला आहे, स्प्रिंग थरथरते आहे आणि छर्रा अजून नळीतच आहे. ट्रिगर सुटल्यापासून छर्रा बाहेर पडेपर्यंतचा हा सगळा प्रकार सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात उरकतो.

हा धक्का इतका त्रासदायक असतो की स्पर्धेच्या रायफली बनवणाऱ्यांनी तो मारायला स्वतंत्र यंत्रणा उभ्या केल्या. डायना ६० मध्ये दोन पिस्टन एकमेकांच्या विरुद्ध दिशेने धावतात आणि एकमेकांचा धक्का खातात. फाइनवेर्कबाउ ३०० मध्ये नळी आणि सिलिंडर मिळून दस्त्यावरच्या रुळांवर मागे सरकतात, त्यामुळे खांद्याला जवळपास काहीच लागत नाही. आपल्या साध्या ब्रेक-बॅरलमध्ये असं काही नाही. तिचं हलणं थांबवता येत नाही. ते दर वेळी सारखंच होईल एवढं मात्र पाहता येतं, आणि पुढच्या सगळ्या तपासण्या त्याच्यासाठीच आहेत.

हात लावण्याआधी

रायफल भरलेली आहे असंच कायम धरून चाला. छर्रा भरताना एका हाताने नळी घट्ट धरून ठेवा आणि नळी उघडी असताना ट्रिगरकडे बोट जाऊ देऊ नका. त्या अवस्थेत ट्रिगर सुटला तर नळी जोरात वर आपटते. बोट चिरडतं, नळी वाकते, दस्त्याला चीर जाते. छर्रा न भरता रायफल कधीही झाडू नका. पुढे छर्रा नसला की हवेची गादी नीट तयार होत नाही आणि पिस्टन थेट धातूवर आदळतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, मागे छर्रा अडवून ठेवणारी भक्कम पेटी हवी. छर्रे शिशाचे असतात, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

पाया: आजची स्थिती कागदावर

घरातली किंवा वारा न येणारी जागा घ्या, १० मीटर मोजा. समोर टेबल, टेबलावर मऊ पिशवी, पिशवीवर तुमचा डावा हात आणि हातावर रायफल. डावखुरे असाल तर उलट. पहिले पाच-दहा छर्रे नुसते झाडून टाका, कारण थंड रायफलचे पहिले काही शॉट बाकीच्यांसारखे पडत नाहीत. मग वेगवेगळ्या कागदांवर पाच-पाच छर्र्यांचे तीन ग्रुप काढा. तीन छर्र्यांच्या ग्रुपवर विश्वास ठेवू नका. तीन छर्रे योगायोगानेही एकाच भोकात जातात आणि योगायोगानेच फाकतातही.

ग्रुप मोजताना सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून छर्र्याचा व्यास वजा करा. .१७७ साठी ४.५ मिमी, .२२ साठी ५.५ मिमी. कागदावर तारीख, छर्र्याचं नाव आणि अंतर लिहून ठेवा. माझ्या अंदाजाने नीट असलेली साधी रायफल योग्य छर्र्यांसह, टेकू घेऊन, १० मीटरवर १० ते १५ मिमीचा ग्रुप देते. चांगली रायफल आणि सरावलेला हात असेल तर यापेक्षा बराच लहान. तिन्ही कागदांवर २५–३० मिमी येत असेल तर शोध घ्यायला जागा आहे.

पहिलं काम: स्क्रू

प्रत्येक शॉटला दोन्ही दिशांनी झटका बसतो, त्यामुळे स्क्रू ढिले होणं हा या रायफलीचा स्वभावच आहे. दस्त्याच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू असतो आणि ट्रिगर गार्डमध्ये एक किंवा दोन. सगळ्यांत आधी पुढचे दोन पाहा, कारण तेच जास्त सुटतात. दस्ता एका हाताने आणि नळी दुसऱ्या हाताने धरून हलकासा पीळ द्या. टिक असा आवाज आला किंवा लाकूड आणि धातू यांच्यात हालचाल जाणवली, तर बहुधा दोष सापडला.

स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणारा स्क्रू ड्रायव्हर किंवा ॲलन की वापरा. उजवा थोडा, डावा थोडा, असं आळीपाळीने आवळा. लाकूड चेपेल इतका जोर नको. वॉशर काढून पाहा. दातेरी वॉशर सपाट झाला असेल किंवा तडकला असेल तर स्क्रू कितीही आवळा, वीस शॉटनंतर पुन्हा सुटणार. सारखाच सुटत असेल तर आटे स्पिरिटने पुसून निळ्या रंगाच्या, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा एक थेंब लावा. लाल रंगाचा लावू नका, तो नंतर गरम केल्याशिवाय सुटत नाही. त्यानंतर दर पन्नास शॉटनी एकदा तपासणी, इतकं पुरतं.

मग पुन्हा पाच-पाचचे तीन ग्रुप. निम्म्या रायफली इथेच सुधारतात.

छर्रे: रायफलच्या पसंतीचे

दोन रायफली एकाच कारखान्यातून एकापाठोपाठ आल्या तरी त्यांना वेगवेगळे छर्रे आवडू शकतात. नळीच्या आतल्या व्यासात एखाद्या शतांश मिलिमीटरचा फरक असतो आणि छर्र्यांच्या डोक्याचा व्यासही ४.५०, ४.५१, ४.५२ मिमी असा बदलतो. एकाच्या रायफलीतला उत्तम छर्रा दुसऱ्याच्या रायफलीत गच्च बसतो किंवा घरंगळतो.

छर्र्याचा मागचा पोकळ घेर, ज्याला स्कर्ट म्हणतात, तो हवेचा दाब अडवतो आणि नळीतल्या पिळात रुतून छर्र्याला फिरकी देतो. हा घेर डब्यात चेपला असेल तर हवा एका बाजूने निसटते. म्हणून डबा आपटू नका, छर्रे खिशात सुटे ठेवू नका. काच किंवा गुळगुळीत फरशीवर छर्रे एकेक करून घरंगळवून पाहा. आकारामुळे सगळेच थोड्या वळणाने जातील, पण जो वेगळंच वळण घेतो किंवा उड्या मारत जातो तो बाजूला काढा.

आकारातही भेद आहेत. सपाट डोक्याचा छर्रा कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतो आणि १० मीटरवर उत्तम असतो, पण २५ मीटरच्या पुढे त्याचा ग्रुप झपाट्याने फाकतो. गोल घुमटाच्या डोक्याचा छर्रा लांबवर जास्त विश्वासाचा. टोकदार छर्रे दिसायला धारदार असतात, मात्र टोक जरा जरी मध्यापासून सरकलेलं असेल तर नेम बिघडतो, म्हणून मी ते तपासणीसाठी वापरत नाही. शिशाऐवजी हलक्या मिश्रधातूचे अतिवेगवान छर्रेही मी टाळतो. ताकदवान रायफलीतून ते ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे २० अंश सेल्सिअसला सुमारे ३४३ मीटर प्रति सेकंद, पोचतात किंवा तो ओलांडतात आणि त्या टप्प्यावर छर्रा डळमळतो. डब्यावर छापलेल्या वेगाच्या आकड्यांनी अनेकांची दिशाभूल होते. ब्रेक-बॅरलमध्ये मध्यम वजनाचा छर्रा बहुतेक वेळा जास्त शहाणा ठरतो. .१७७ मध्ये साधारण ७.५ ते ८.५ ग्रेन, .२२ मध्ये १४ ते १६ ग्रेन. फार जड छर्रा स्प्रिंगवरचा ताण वाढवतो, फार हलक्यामुळे पिस्टन जोरात आपटतो.

कमीत कमी चार-पाच प्रकारचे छर्रे घ्या. प्रत्येक प्रकार बदलल्यावर आठ-दहा छर्रे मोजणीबाहेर झाडा, म्हणजे नळीच्या आतला शिशाचा पातळ थर नव्या छर्र्याचा होतो. नंतर पाच-पाचचे दोन ग्रुप. एका छर्र्याने बाकीच्यांपेक्षा निम्मा ग्रुप दिला तर नवल वाटू देऊ नका, हे नेहमीचं आहे.

भरतानाही एकच पद्धत ठेवा. छर्रा अंगठ्याने सरळ, ब्रीचच्या (नळीच्या मागच्या टोकाच्या) तोंडाशी समपातळीत बसवा. एक आत रुतलेला आणि दुसरा अर्धवट बाहेर असेल तर त्या दोघांचे वेग वेगळे होतात.

धरणं: घट्ट पकड ही शत्रू

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ज्याला ‘रायफल खराब’ म्हणतात ते बहुतेकदा हेच असतं. बारुदाच्या रायफलीचा सराव असलेला माणूस ब्रेक-बॅरल छातीशी घट्ट आवळून धरतो. त्यामुळे मागे-पुढे होणाऱ्या झटक्याला दर वेळी वेगळा अडथळा मिळतो. आज पकड थोडी घट्ट, उद्या थोडी सैल, आणि छर्रा त्याप्रमाणे वर-खाली.

करायचं उलट. डाव्या हाताची बोटं उघडी ठेवा, दस्ता तळव्यावर नुसता टेकवा. खांद्याला रायफल फक्त स्पर्श करेल इतकी. गाल हलकेच टेकवा, दाबू नका. उजव्या हाताने ट्रिगर ओढण्यापुरताच आधार. रायफलीला जसं हलायचं तसं हलू द्या. नेमबाजांमध्ये याला आर्टिलरी होल्ड म्हणतात, कारण तोफ जशी आपल्या गाड्यावर मोकळी मागे सरकते तशी ही सरकते.

तळवा दस्त्याखाली नेमका कुठे हवा ते प्रत्येक रायफलीत वेगळं. ट्रिगर गार्डच्या लगेच पुढे, तिथून पाच सेंटिमीटर पुढे आणि दस्त्याच्या पुढच्या टोकाजवळ, अशा तीन जागी प्रत्येकी पाच छर्रे झाडा. एका जागी ग्रुप लहान येईल. तिथे दस्त्यावर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा आणि यापुढे हात तिथेच. दस्ता टेबलावर किंवा लाकडी ठोकळ्यावर थेट टेकवू नका, कठीण पृष्ठभागावरून रायफल उसळते आणि छर्रा वर जातो. हातच पिशवीवर टेकवा.

शॉटआधी एक साधी तपासणी करा. नेम धरा, डोळे मिटा, एक श्वास घ्या-सोडा, डोळे उघडा. साईट लक्ष्यापासून सरकलेली असेल तर तुम्ही स्नायूंनी रायफल ओढून धरली होती. हाताने दुरुस्त करू नका, सगळं शरीर किंवा पिशवी सरकवा. ट्रिगर हळूहळू, सरळ मागे. शॉट सुटल्यावर सेकंदभर तसेच राहा, डोकं वर काढू नका. छर्रा अजून नळीत असताना डोकं उचललं गेलं तर नेम गेलाच.

रायफल उजवी-डावीकडे कललेली नाही ना, हेही पाहा. लांब अंतरावर या कलण्याने छर्रा त्याच बाजूला आणि थोडा खाली जातो.

कागदावरची भोकं काय सांगतात

इथवर करूनही ग्रुप फाकत असेल तर आता त्याचा आकार नीट पाहायचा.

उभी रेघ, म्हणजे छर्रे एकाखाली एक, दिसली की लोक लगेच ‘वेग बदलतोय, स्प्रिंग गेली’ म्हणतात. १० मीटरवर हे पटण्यासारखं नाही. हवेचा अडथळा बाजूला ठेवून हिशोब करा. २०० मीटर प्रति सेकंद वेगाचा छर्रा १० मीटर जायला ०.०५ सेकंद घेतो आणि तेवढ्यात साधारण १२ मिमी खाली येतो. २१० मीटर प्रति सेकंदचा छर्रा साधारण ११ मिमी. फरक जेमतेम १ मिमी. हाच फरक २५ मीटरवर सुमारे ७ मिमी होतो. म्हणून १० मीटरवर उभी रेघ दिसली की आधी धरण्यावर आणि नळी बंद होण्यावर शंका घ्या, वेगावर नंतर.

आडवी रेघ असेल तर ट्रिगर बाजूला ओढला जातो, गालाचा दाब बदलतो किंवा नळी पिव्हटवर, म्हणजे ती जिथे मोडते त्या सांध्यावर, उजवी-डावीकडे हलते. दोन वेगवेगळे छोटे ग्रुप पडत असतील तर काहीतरी दोन जागांपैकी एकीवर बसत आहे, मग तो दस्ता असो, नळी असो की स्कोपच्या आतली यंत्रणा. चार छर्रे एकत्र आणि एक दूर, असं वारंवार होत असेल तर छर्र्याचा दोष. ग्रुप लहान पण शॉटगणिक एकाच दिशेला सरकत चाललेला असेल तर स्कोप धरून ठेवणारा माउंट घसरतोय. आणि भोकं गोल न पडता लांबट किंवा फाटकी पडत असतील तर छर्रा तिरका उडतोय. त्याचं कारण नळीच्या तोंडाशी शोधायचं.

नळी बंद कशी होते

ब्रेक-बॅरलचा सगळ्यात नाजूक मुद्दा हा. नळी दर वेळी उघडते आणि दर वेळी अगदी त्याच जागी परतायला हवी. समजा पिव्हटपासून ३० मिमी अंतरावर फक्त ०.०२ मिमीचा फरक पडला. १० मीटरवर तो जवळपास ७ मिमी होतो. केसापेक्षा बारीक फटीने एवढी गडबड.

पिव्हट तपासायला नळी बंद ठेवून तिचं टोक उजवी-डावीकडे हलवा. जरासुद्धा खडखड जाणवायला नको. दुसरी तपासणी अशी. रायफल कॉक करा (नळी पूर्ण मोडून पिस्टन अडकवा), सेफ्टी लावा, ट्रिगरपासून बोट दूर, नळी हातातच, आणि नळी मधल्या एखाद्या जागी आणून पकड थोडी सैल करा. नळी स्वतःच्या वजनाने खाली गेली तर पिव्हटचा बोल्ट ढिला आहे. जिथे ठेवली तिथेच राहिली तर बरोबर. त्यानंतर छर्रा भरून सुरक्षित पेटीत झाडा, रिकामी सोडू नका. बोल्टला बाजूला छोटा लॉक स्क्रू असेल तर तो आधी सोडून मगच बोल्ट थोडा आवळा. पिव्हटच्या दोन्ही बाजूंच्या वॉशरना मॉलिब्डेनमचं वंगण बोटाच्या टोकाइतकंच लावा.

ब्रीचचं सील म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाभोवतीची रबरी किंवा प्लास्टिकची रिंग. टिश्यू पेपरची बारीक पट्टी ब्रीचच्या सांध्यावर वर आडवी ठेवा आणि छर्रा भरून शॉट मारा. पट्टी उडाली तर हवा गळते. सील कडक झालं असेल, चिरलं असेल, बसलं असेल तर बदला. नवीन मिळेपर्यंत सीलच्या खाली पातळ प्लास्टिकची रिंग कापून बसवता येते. सील धातूच्या पातळीपेक्षा किंचितच वर असावं.

किंचितच, यावर माझा जोर आहे. एका मित्राच्या रायफलीत नवं सील बसवल्यापासून उभी रेघ पडायला लागली होती. गळती शून्य, वेग उत्तम, तरी दोन इंच वर-खाली. सील गरजेपेक्षा जाड होतं. नळी बंद झाल्यासारखी वाटायची, पण खाचेत पूर्ण बसायची नाही, आणि प्रत्येक वेळी हाताचा जोर वेगळा पडला की नळी वेगळ्या कोनात थांबायची. थोडं पातळ सील लावलं आणि त्याच संध्याकाळी ग्रुप पूर्ववत झाला. नळी बंद स्थितीत अडकवणारी पाचर किंवा धातूची लहान गोल गोळी मळलेली असली तरी हेच होतं, म्हणून तिथला मळ काडीने काढून पुसा.

स्कोप, आणि उघड्या साईटचा पुरावा

नळी नीट बंद होते का हे ठरवायचा एक सोपा मार्ग आहे. बऱ्याच ब्रेक-बॅरल रायफलींत पुढची आणि मागची अशा दोन्ही उघड्या साईट नळीवरच बसवलेल्या असतात. नळी जरा वेगळ्या कोनात थांबली तरी साईट तिच्याबरोबर हलतात आणि नेम फारसा बिघडत नाही. स्कोप मात्र मागच्या सिलिंडरवर बसतो, त्याला नळी हलल्याचं कळत नाही. म्हणून स्कोप काढून उघड्या साईटने पाच-पाचचे ग्रुप काढा. उघड्या साईटने चांगला आणि स्कोपने वाईट असेल तर दोष स्कोप, माउंट किंवा नळीच्या बंद होण्यात. दोन्हींनी वाईट असेल तर छर्रा, धरणं, नळी किंवा दस्ता.

आता स्कोप. ब्रेक-बॅरलचे उलटसुलट झटके चांगल्या स्कोपचीही परीक्षा घेतात, म्हणून स्प्रिंगच्या एअर रायफलीसाठीच बनवलेला स्कोप हवा. माउंट ११ मिमीच्या खाचेत घट्ट बसला आहे का पाहा. माउंटच्या पुढच्या कडेला सिलिंडरवर पेन्सिलने रेघ मारा आणि पन्नास शॉटनंतर पाहा. रेघ आणि माउंट यांच्यात अंतर दिसलं तर तो मागे घसरतोय. त्याच्या खालची स्टॉप पिन सिलिंडरवरच्या भोकात उतरवली की हे थांबतं. शक्य असेल तर दोन तुकड्यांऐवजी एकसंध माउंट घ्या. स्कोपच्या रिंगचे स्क्रू तिरक्या क्रमाने, उत्पादकाने सांगितलेल्या जोरानेच आवळा. जास्त आवळल्याने स्कोपची नळी चेपते.

नळी सिलिंडरच्या मानाने खाली झुकलेली असणं या रायफलींत नेहमीचं आहे. मग शून्य करण्यासाठी, म्हणजे छर्रा क्रॉसहेअरवरच पडेल असं जुळवण्यासाठी, स्कोपची उंचीची चकती पार टोकापर्यंत फिरवावी लागते. टोकाला गेलं की स्कोपमधल्या आतल्या नळीला धरून ठेवणारी स्प्रिंग सैल होते आणि क्रॉसहेअर प्रत्येक झटक्याला थोडा भटकतो. चकती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मोजा, मध्यावर आणा. मध्यावरून फार लांब जावं लागत असेल तर मागच्या बाजूने उंच असलेला, झुकाव भरून काढणारा माउंट लावा.

पॅरलॅक्स, म्हणजे डोळा सरकला की क्रॉसहेअरही लक्ष्यावरून सरकलेला दिसणं, तेही विसरू नका. ४० मिमीच्या पुढच्या भिंगाचा, १०० यार्डांवर म्हणजे ९१ मीटरवर जुळवलेला स्कोप १० मीटरवर वापरला, तर डोळा मध्यापासून सरकल्याने जास्तीत जास्त १७–१८ मिमीची चूक होऊ शकते. रायफलीचा यात काहीही दोष नाही. समोरचं भिंग किंवा बाजूची चकती फिरवून १० मीटरवर जुळवता येणारा स्कोप हा त्यावरचा खरा उपाय. तोवर डोळा दर वेळी स्कोपच्या बरोबर मध्यावर, काळी कड सगळीकडे सारखी दिसेल असा ठेवा.

शंका राहिलीच तर दुसऱ्या रायफलीवर चांगला चाललेला स्कोप उसना लावून पाहा. कोणत्याही मोजमापापेक्षा हे लवकर निकाल देतं.

नळी आणि तिचं तोंड

नव्या रायफलीच्या नळीत कारखान्याचं तेल आणि ग्रीस असतं. जुन्या नळीत शिसं साचतं. दोन्ही कापडाच्या छोट्या तुकड्याने निघतात. मासेमारीची जाड नायलॉन दोरी नळीतून ओवून तुकडा ब्रीचकडून तोंडाकडे ओढा. तुकडे कोरडे बाहेर येईपर्यंत करा. तोंडाकडून धातूची काठी घालू नका, तोंडाची कड घासली जाते. एअर रायफलीला वारंवार सफाई लागत नाही. ग्रुप बिघडला तरच करा आणि नंतर वीसेक छर्रे जाईपर्यंत निकाल पाहू नका.

साफ करताना एक छर्रा लाकडी काडीने हळूच आतून ढकलून पाहा. शेवटचे काही सेंटिमीटर नळी थोडी घट्ट लागणं चांगलं लक्षण. मध्येच कुठे एकदम घट्ट किंवा एकदम सैल लागणं वाईट.

तोंडाची कड, ज्याला क्राउन म्हणतात, ती भिंगाखाली पाहा. कापसाची काडी कडेवरून आतून बाहेर ओढा. एका जागी कापसाचे तंतू अडकत असतील तर तिथे खरचटलं आहे. छर्रा नळी सोडताना मागची हवा त्या खाचेतून आधी निसटते आणि छर्रा तिरका होतो. ही कड पुन्हा घडवण्याचं काम कारागिराकडेच द्या. ते परत फिरवता येत नाही.

तोंडावर मझल ब्रेक किंवा आवाज कमी करणारी नळी लावलेली असेल तर ती काढून ग्रुप काढा. सुधारला तर आत शिशाचा काळपट ओरखडा शोधा. तिथेच छर्रा घासत होता.

स्प्रिंग आणि पिस्टन, शेवटी

वेगमापक मिळाला तर एकाच छर्र्याचे दहा शॉट मोजा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वेगात ५–६ मीटर प्रति सेकंदाचा फरक असेल तर आतली यंत्रणा ठीक आहे. १२–१५ चा फरक दिसला किंवा सगळेच वेग पूर्वीपेक्षा बरेच खाली आले तर पुढे जा.

धूर, जळका वास आणि नेहमीपेक्षा तीव्र कडकडाट येत असेल तर आत तेल जळतंय. दाबलेली हवा इतकी तापते की तेलाची वाफ पेटते, आणि प्रत्येक शॉटचा वेग वेगळा होतो. नव्या रायफलीत पहिल्या काही शेकडा शॉटपर्यंत थोडा धूर चालतो. नंतरही येत असेल तर कुणीतरी ब्रीचच्या भोकातून तेल सोडलं आहे. साधं मशीनचं तेल तिथे कधीही घालू नका. चामड्याचा वॉशर असलेल्या जुन्या रायफलींना उत्पादकाने सांगितलेल्या तेलाचे एक-दोन थेंब लागतात, सिंथेटिक सीलला तेवढेही नाहीत.

कॉक करताना खरखर, दोन टप्प्यांत अडकल्यासारखं वाटणं, अचानक हलका झालेला जोर, ही तुटलेल्या किंवा वाकलेल्या स्प्रिंगची लक्षणं. शॉटनंतर वाजणारी टणटण मात्र बहुधा कोरड्या वंगणाची असते आणि तिच्याने ग्रुप फार बिघडत नाही. गॅस रॅमच्या रायफलीत स्प्रिंगच नसते, तिच्या जागी दाबलेल्या वायूचं नळकांडं असतं. तिथे दाब कमी झाला तर पूर्ण रॅमच बदलावा लागतो.

स्प्रिंग आत दाबून बसवलेली असते. योग्य स्प्रिंग कंप्रेसर नसताना मागची टोपी उघडली तर ती स्प्रिंगच्या जोराने तोंडावर येते. ते साधन आणि आधी पाहून शिकलेला हात नसेल तर रायफल कारागिराकडे न्या. सोबत तुमचे तारखेचे कागद, वेगांचे दहा आकडे, कोणत्या छर्र्याने काय ग्रुप दिला आणि उघड्या साईटने काय आला, हेही द्या. एवढं हातात असेल तर तो रायफल उघडण्याआधीच कुठे पाहायचं ते ठरवू शकतो.